पहिल्या दिवशी रिव्हर्स नाही

आदरणीय मेहुणे,

साष्टांग नमस्कार लिहिणार होतो, पण साष्टांगाला कंबर लागते, आणि माझी कंबर इतकी वर्षं गाडीतल्या शिक्षकाच्या सीटवर बसून त्या सीटच्याच आकाराची झाली आहे. तेव्हा बसल्या जागेवरून हात जोडतो, तोच पुरा साष्टांग समजून घ्यावा. तुमचे गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला गेला का? आणि तुमची दाढी काय म्हणते? (दाढीची चौकशी मी उगाच करत नाही, पण ते मागाहून.) पाकिटावरचं माझं अक्षर बघून दचकला असाल, तर सांगतो की घरात सगळे धडधाकट आहेत. फोन असताना पत्र का, तर फोनवर मी बोलायला लागलो की तुमची बहीण शेजारी बसून मला दुरुस्त करते. मी "परवा" म्हटलं की ती म्हणते "परवा नाही, तेरवा". मी "जरासं रक्त आलं" म्हटलं की ती म्हणते "जरासं? टॉवेल भिजला!" अशाने माणूस हकीकत सांगणार कशी? कागदावर कुणी मध्ये बोलत नाही.

तुमचं पार्सल मिळालं. भाचा कॉलेजात जाणार म्हणून मामाने भेट पाठवली, हे मामाला शोभेसंच झालं. पण लोक पेन पाठवतात, घड्याळ पाठवतात. तुम्ही काय पाठवलंत? एक धातूचा रेझर, तोही असा वजनदार की परवा हातोडी सापडेना तेव्हा न्हाणीघरातल्या आरशाचा ढिला खिळा मी त्याच्याच मुठीने ठोकला. एक गुबगुबीत ब्रश. लाकडी वाटीत साबण. तुरटीचा खडा. पात्यांची पाकिटं. आणि हे सगळं पाठवणारा माणूस कोण, तर ज्याची स्वतःची दाढी शर्टाच्या तिसऱ्या बटणाला टेकली आहे तो! उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते दुसरं काय असतं? (मागे मुलाच्या वाढदिवसाला तुम्ही ढोलक पाठवला होता, तेव्हाही मी काही बोललो नव्हतो. शेजारी बोलले.)

तरी पण पार्सल वेळेवर आलं हे कबूल केलं पाहिजे. तुमच्या भाच्याच्या तोंडावर गेल्या वर्षापासून काहीतरी उगवलं आहे. त्याला दाढी म्हणायचं तर माझी जीभ रेटत नाही. इथे चार, तिथे सहा, मध्ये मैदान. त्यावर तो एक गुणगुणणारं मशीन फिरवायचा, तेही गादीवर लोळत, एका हाताने फोन बघत. मशीन फिरवून झालं तरी चेहरा होता तसाच, फक्त उशीवर केस. मला बघवायचं नाही. मी कॉलेजात असल्यापासून रोज सकाळी ब्रश, साबण आणि पातं घेऊन आरशासमोर उभा राहणारा माणूस. पण सांगणार कुणाला? आमचं बोलणं कुठे होतं?

तुम्हाला गाडीचं प्रकरण नीट ठाऊक नसेल. (तुमच्या बहिणीने सांगितलं असेल तर ते विसरून जा. ती गाडीत नव्हती.) माझा धंदा तुम्ही जाणताच. शिकवणीच्या गाडीला दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक माझ्या. इतकी वर्षं हा दुसरा ब्रेक दाबून दाबून माझा उजवा पाय माझा राहिलेला नाही. समोर काही आडवं आलं की तो आपला आपण दाबला जातो. जेवताना कुणी ग्लास टेबलाच्या कडेला ठेवला तरी दाबला जातो. तुमची बहीण म्हणते, झोपेतही दाबतो. त्यावर मी काही बोलू इच्छित नाही, मी झोपेत असतो.

तर मागच्या मोठ्या सुट्टीत मी मोठ्या हौसेने चिरंजीवांना गाडी शिकवायला नेलं. आता माझ्याकडे एक शिवणकाम करणाऱ्या बाई येतात. त्या अ‍ॅक्सिलरेटर शिलाई मशीनच्या पायट्यासारखा खालीवर मारतात, आणि गाडी टाके घालत जाते. त्यांच्यावर मी कधी आवाज चढवला नाही. "घाबरायचं नाही, मी आहे ना," एवढंच म्हणतो. पण परक्याचं चुकलं की ते शिकतंय असं वाटतं, आणि पोटच्या पोराचं चुकलं की चारचौघांत आपलीच शोभा झाली असं वाटतं. चौकापर्यंत जाईतो मी एवढे ब्रेक मारले म्हणे, की गाडी चालली कमी आणि थांबली जास्त. तोंड तर चालूच होतं. चौकात सिग्नल लाल झाला. तुमच्या भाच्याने गाडी रीतसर थांबवली, न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला (हे सगळं चोख केलं, खोटं कशाला बोलू), मला म्हणाला, "बाबा, मग तुम्हीच चालवा ना," आणि दार उघडून उतरून घराकडे चालायला लागला.

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न सुरू झाले. आता मी सरकून त्याच्या सीटवर बसायला हवं होतं, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. म्हटलं, येईल परत, जातो कुठे! हाताची घडी घालून, समोर बघत, शिक्षकाच्या सीटवर बसून राहिलो. शेवटी पोलीस आला. त्याने वाकून रिकाम्या सीटकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ड्रायव्हर कुठे आहे?" मी म्हटलं, "घरी गेला." (आता खरं तेच सांगितलं. तरी तो चिडला.)

तेव्हापासून आमच्या घरात बापलेकांचं दळणवळण तुमच्या बहिणीमार्फत. "आई, बाबांना सांग, पंखा कमी करायचाय." मी समोरच्या खुर्चीत! मग मीही म्हणायचो, "त्याला सांग, बटण त्याच्याच हाताशी आहे." ती बिचारी दोघांकडे आळीपाळीने बघायची आणि स्वतः उठून पंखा बंदच करायची. गंमत वाटते ना वाचायला? मलाही सुरुवातीला वाटली. मग कॉलेजच्या प्रवेशाचा निकाल लागला, तो तुमच्याकडे राहून शिकणार असं ठरलं, आणि मी दिवस मोजायला लागलो. हा असाच निघून गेला, मध्ये ही भिंत तशीच ठेवून, तर पुढे ती पाडायची कुणी? लांब गेलेली मुलं फोन करतात ते आईला. बापाला "कसे आहेत" एवढं विचारतात, तेही आईलाच.

अशात तुमचं पार्सल उघडलं. त्याने रेझर हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "आई, हे कसं वापरतात?" तुमची बहीण म्हणाली, "मला काय विचारतोस, मी काय दाढी करते? बाबांना विचार." तर म्हणतो, "नको. फोनवर बघेन." मी पेपरच्या आड होतो. फोनवर! काखेत कळसा आणि गावाला वळसा! पेपर तसाच धरून बसलो, पण पुढचं एक अक्षर दिसेना. तुमच्या बहिणीला पेपरच्या पलीकडचंही दिसतं. तिने संध्याकाळी मला बाजूला घेऊन फर्मान काढलं. रविवारी सकाळी मी त्याला दाढी शिकवायची, आणि तोंडात पाण्याची गुळणी धरून शिकवायची. गिळायची नाही, टाकायची नाही. "एरवी गाल फुगवताच ना दाढी करताना? मग त्यात पाणी असलं म्हणून काय बिघडलं?" मी म्हटलं, मुका शिक्षक कुणी पाहिलाय का? ती म्हणाली, "तुम्ही मुके असता ना, तर पोरगं आज गाडी चालवत असतं." मूग गिळले. (मूग परवडले, मेहुणे. पाणी तोंडात धरून ते न गिळणं फार वाईट.) पोरालाही तिने सांगितलं, की बाबा एक शब्द बोलणार नाहीत. त्याने विचारलं म्हणे, "लेखी देतील?"

मी कामाच्या बाबतीत कच्चा राहणारा माणूस नाही. शनिवारी शिवणवाल्या बाईंच्या तासाला मी तालीम केली. गाडी सुरू व्हायच्या आधी बाटलीतलं पाणी तोंडात घेतलं आणि बसलो. बाईंनी दोनदा माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं दाढ दुखतेय. आणि काय सांगू, बाई त्या दिवशी एकही टाका न घालता गाडी सरळ बाजाराच्या टोकापर्यंत घेऊन गेल्या, वळवून परत आणली आणि फुटपाथला समांतर लावली. उतरताना म्हणाल्या, "सर, आज तुम्ही फार छान समजावून सांगितलंत." मी पाणी गिळलं आणि गप्प बसलो.

रविवार उजाडला. आम्ही दोघे बनियनवर, खांद्यावर टॉवेल, न्हाणीघरात आरशासमोर. आरसा एकाच तोंडाच्या बेताचा. त्यात माझा अर्धा गाल, त्याचा एक कान आणि मध्ये भिंत. गाडीत बसलं की आधी आरसा, ही माझी हाडात मुरलेली सवय. तोंडात गुळणी घेतली, आरसा जरा तिरका करावा म्हणून हात घातला आणि आरसा खिळ्यासकट माझ्या हातात आला. (तोच खिळा, तुमच्या रेझरने ठोकलेला. भेट देताना जरा विचार करत जा.) आता आरसा ठेवायचा कुठे, हे मला विचारता येईना. मी तो छातीशी धरून नुसता उभा. शेवटी तुमच्या बहिणीने तो माझ्याकडून काढून घेतला आणि हॉलमध्ये खिडकीपाशी, उजेडात, स्वतःच्या तोंडासमोर धरून उभी राहिली. स्टुलावर गरम पाण्याचं पातेलं आलं. आरशाच्या वरून तिचे दोन डोळे, आणि आरशात आम्ही दोघे.

फेसाला सवड लागते. ब्रश गरम पाण्यात भिजू द्यायचा, झटकायचा, मग साबणावर गोल गोल फिरवत राहायचं, घाई करायची नाही. तुमच्या भाच्याने दोनदा फिरवला आणि ते फेसाळ पाणी गालाला लावायला निघाला. मी मान हलवली. त्याने आणखी फिरवला. मी पुन्हा मान हलवली. एरवी एव्हाना ब्रश, साबण, आजची पिढी आणि तिचे फोन या सगळ्यांवर माझं बोलून झालं असतं. आता नुसती मान. आणि नवल म्हणजे पोरगं कुरकुर न करता फिरवत राहिलं. ब्रश उलटा धरला तरी फेस जागचा हलेना, तेव्हा मी अंगठा वर केला. तो हसला. (माझ्याकडे बघून नव्हे, फेसाकडे बघून. पण हसला.)

आता रेझर. इथे घोडं अडलं. रेझर दाबायचा नसतो, त्याच्या वजनाने त्याला चालू द्यायचं असतं. दुसऱ्या हाताने कातडी ताणायची, केस वाढतात त्याच दिशेने न्यायचं, हात लहान लहान मारायचे, दर दोन हातांनी पातं पाण्यात धुवायचं. हे सगळं गुळणीतून सांगायचं कसं? मी आपला स्वतःच्या गालावर करून दाखवायला लागलो. तो बघत होता, पण पोरगा निघाला भरधाव. कानापासून हनुवटीपर्यंत एका दमात जायच्या बेतात. आणि माझा रिकामा हात आपोआप बाजूला गेला, तळवा खाली, आणि संथपणे खालीवर हलला. गाडीवाल्यांची खूण हो! पूर्वी खिडकीतून हात काढून मागच्याला सांगायचे, मी वेग कमी करतोय, ती.

मेहुणे, त्याने वेग कमी केला. मी थांबण्याची खूण केली, तो थांबला. वळण्याची केली, तो जबड्यावरून अलगद वळला. मी हात वर धरूनच त्याच्याकडे बघत राहिलो. या खुणा आता जगात कुणी करत नाही, गाड्यांना दिवे आहेत. त्या आहेत फक्त माझ्या शिकवणीच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर. ते पुस्तक मी त्याला त्या चौकाच्या आदल्या दिवशी दिलं होतं. मी धरून चाललो होतो की त्याने ते उघडलंही नसेल. पठ्ठ्याने शेवटच्या पानापर्यंत पाठ केलं होतं! माझा ऊर भरून आला. तोंड तर भरलेलं होतंच.

पण पलीकडे तुमची बहीण उभी होती. तिला आरशातलं दिसत नव्हतं, तिला आम्हीच दिसत होतो. फेसाने माखलेले दोन पुरुष, एकाचे गाल टम्म फुगलेले, आणि तो हॉलमध्ये हात काढून डावीकडे वळतोय. ती हसायला लागली. आधी दाबून, मग खांदे हलायला लागले, मग आरसा हलायला लागला. आरसा डावीकडे झुकला की आम्ही दोघे डावीकडे, उजवीकडे गेला की दोघे उजवीकडे. ते बघून ती आणखी हसायची. (तुम्हाला तिचं हसणं माहीत आहे. लहानपणी तुम्हीच तिला एका लग्नातून उचलून बाहेर नेलं होतंत म्हणे.) अशात तुमच्या भाच्याचा रेझर आला नेमका कंठाच्या उंचवट्यावर, आणि आरसा गेला वर. आरशामागे हाही टाचा उचलून वर. हात आता आडवा सरकणार हे मला दिसलं. पातं आडवं सरकलं की कापतं. ओरडावं, तर तोंडात पाणी. आणि माझा उजवा पाय, जो माझा राहिलेला नाही हे वर लिहिलंच आहे, तो असा दाबला गेला म्हणता! सगळ्या ताकदीनिशी. गाडीत त्या जागी ब्रेक असतो. हॉलमध्ये त्या जागी तुमच्या भाच्याच्या पायाचा पंजा होता.

तो केकाटला. रेझर त्याच्या हातून सुटून पातेल्यात पडला. (त्याला कुठे खरचटलंही नाही. वहिनींना आधी हे वाचून दाखवा.) त्या ओरडण्याने माझाच हात घसरला आणि कानाखाली चीर गेली. आणि गुळणी? तुमच्या बहिणीचा हुकूम मी तोवर तंतोतंत पाळला होता. तिथून पुढे ती गुळणी सगळीच्या सगळी बाहेर आली, आणि आरसा, आरशावरचे दोन डोळे, तिचे केस, मागचा पडदा, सगळं न्हाऊन निघालं.

पडद्यावरून थेंब टपकत होते. मी मनात म्हटलं, झालं. संपलं. आता हा टॉवेल फेकेल, म्हणेल "मग तुम्हीच करा ना", आणि चालायला लागेल. या वेळी घरातून निघून हा जाणार तरी कुठे? तुमच्याकडे. कायमचा. एका पायावर उभा राहून तो माझ्याकडे बघत होता, एक गाल साफ, एक गाल फेसाचा. मग म्हणाला, "बाबा, तुम्ही ब्रेक दाबलात." मी मान हलवली. तो म्हणाला, "बाबा, इथे ब्रेक नाहीये." आणि जो हसायला लागला, तो पाय धरून खालीच बसला. तुमची बहीण ओल्या तोंडाने त्याच्याशेजारी बसली. दोघे एकमेकांना धरून हसत होते.

आता माझं तोंड मोकळं होतं. बोलायला कुणाची बंदी नव्हती. इतक्या महिन्यांचं साठलेलं होतं. आणि एक शब्द आठवेना! मी नुसता उभा, मानेवरून रक्त बनियनवर उतरतंय. तोच उठला. तुमच्या पार्सलातला तुरटीचा खडा पाण्यात बुडवला, माझी हनुवटी धरली, मान वळवली आणि म्हणाला, "हलू नका. समोर बघा. घाबरायचं नाही, मी आहे ना." माझं वाक्य! लहानपणी सुट्टीच्या दिवशी तो मागच्या सीटवर बसून माझे तास ऐकायचा, तिथलं. जसंच्या तसं, माझ्याच आवाजात. तुरटी झोंबली म्हणून डोळे भरून आले, असं मी तुमच्या बहिणीला सांगितलं. तुम्हाला खरं सांगतो, तुरटी एवढी झोंबत नाही.

उरलेला गाल आम्ही तसाच, आरसा खुर्चीवर टेकवून, उकिडवे बसून पुरा केला. बोलत बोलत. म्हणजे तो बोलत होता. कॉलेजचं, खोलीचं, तुमच्या गावातल्या बसचं. मी मधूनमधून "पातं धूव" एवढंच म्हणत होतो. सगळं झाल्यावर त्याने गालावरून हात फिरवला आणि विचारलं, "आता उलटा हात?" म्हणजे पुन्हा फेस लावून खालून वर, केसांच्या विरुद्ध, ज्याने गाल गुळगुळीत होतो तो. मी म्हटलं, "पहिल्या दिवशी रिव्हर्स नाही." आमच्याकडे रिव्हर्स सगळ्यात शेवटी शिकवतात, हा नियम आहे. "मग कधी?" म्हणाला. मी म्हटलं, "सुट्टीत आलास की." त्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि म्हणाला, "बरं."

असो. गुरुवारी तो निघतोय. त्याला सकाळी उठवायला दोन हाका पुरत नाहीत, तिसरी तुम्ही स्वतः मारा. सामान आवरायला लावा. ढोलक त्याच्यासोबत परत पाठवतो आहे. वहिनींना नमस्कार. तुमची बहीण ठीक आहे, वाळली आहे. पडदाही वाळला. आरशाला नवीन खिळा मी हातोडीने ठोकला आहे.

कळावे, लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहावा.

तुमच्या बहिणीचा
"अहो"

ता. क. : आता दाढीचं. वहिनी फोनवर म्हणाल्या, की उकाडा फार होतो म्हणून तुम्ही दाढी काढायच्या विचारात आहात. हात जोडतो, काढू नका. निदान सुट्टीपर्यंत नका. तुम्ही दाढी काढलीत की रोज सकाळी भाच्याशेजारी आरशासमोर उभे राहणार, आणि तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे, कुणी न विचारता शिकवणार. उलटा हात मी मुद्दाम राखून ठेवला आहे. तसं त्यात काही नाही, पाच मिनिटांत येतो. नियम वगैरेही काही नाही, शिवणवाल्या बाईंना मी पहिल्याच आठवड्यात रिव्हर्स दिला होता. पण तेवढंही शिकवून टाकलं, तर त्याने सुट्टीत माझ्याकडे यायचं ते कशाला? तुमची दाढी तुम्हाला शोभते. मी आजवर जे काही तिच्याबद्दल बोललो ते मागे घेतो.

आणखी ता. क. : पत्र पेटीत टाकायचं राहिलं, ते बरंच झालं. आज सकाळी त्याला बसवर सोडून आलो. बॅगा चढवल्या, तो खिडकीपाशी बसला, मी खाली उभा. वर हात करून त्याच्या गालावर आपली एक चापट मारली. हात घसरला, मेहुणे. अर्धं आयुष्य दाढी करतोय मी. असा गाल सुलट्या हाताने होत नाही. उलटा हात फिरवलेला होता, खालून वर, सफाईने, कुठे एक ओरखडा नाही. फोनवर बघितला असणार. माझा हात तसाच त्याच्या गालावर. मला कळलंय हे त्याला कळलं. कान लाल झाले. खाली बघत म्हणाला, "बाबा, उलटा हात सुट्टीत. नक्की ना?" मी मान हलवली. बस हलली, तसं त्याने डोकं बाहेर काढून विचारलं, "आणि गाडी?"

आणि मी काय म्हणालो, माहीत आहे? "बघू." दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारा माणूस मी! आणि तेवढंच बाहेर पडलं. त्याला काय वाटलं असेल? फोन करावा, तर आमचं फोनवरचं बोलणं म्हणजे, पोचलास? हो. जेवलास? हो. बरं. माझ्याने ते फोनवर होणार नाही. म्हणून तुम्हाला लिहितो. दाढीचं राहू द्या, ठेवा नाहीतर काढा, पाहिजे तर उलटा हातही शिकवा. फक्त हे वाचून होताक्षणी त्याला हाक मारा आणि सांगा, बाबा हो म्हणालेत.